दरीला दोन तास!

प्रतिवर्षी मार्गशीर्ष लागला की कोठी आणि सुलतानबाजार या भागांतील आपल्या मराठी-कोंकणी मंडळींत सहलीचे वारे वाहू लागते. यंदा देवस्थानाच्या तरुण मंडळींनी आंध्र प्रदेशातील गंडिकोट्याची निवड केल्याचे ऐकून आम्हांस मनापासून आनंद झाला. आणि सहलीचा छापील कार्यक्रम हाती पडताच तो आनंद तितक्याच त्वरेने ओसरला. शनिवारी पहाटे पाच वाजता कोठीहून प्रस्थान. दुपारी बेलमच्या गुहा. सायंकाळी चार ते सहा गंडिकोट्याची दरी. सहानंतर ध्वनिवर्धकावर गाणी, अंताक्षरी, शेकोटी व भोजन. रविवारी पहाटे निघून ताडिपत्रीची देवळे, आणि रात्री घरी! पावणेचारशे किलोमीटरांच्या आसपास प्रवास करावयाचा, आणि ज्या दरीच्या नावाने वर्गणी गोळा करावयाची त्या दरीच्या वाट्यास दोन तास!

आमचे भांडण संयोजकांशी नाही. पदरमोड करून, रात्री जागून, पन्नास माणसांच्या जेवणाखाणाची व्यवस्था लावणारे हे तरुण कौतुकासच पात्र आहेत. आमचे भांडण त्या कार्यक्रमामागील समजुतीशी आहे. सहल म्हणजे ठिकाणांची मोजदाद, आणि निसर्ग म्हणजे दोन देवळांच्या मध्ये उरलेली मोकळी जागा, ही ती समजूत होय.

प्रथम आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या आक्षेपाचा विचार करू, कारण तो अधिक मोलाचा आहे. या बेताची वार्ता ऐकून आमच्या परिचयाच्या एका वृद्ध आजींनी सरळ विचारले, "देवाक सोडून फातर पळोवंक कित्याक वतात?" प्रश्न कोंकणीतला, परंतु तो अनेक मराठी घरांतूनही याच शब्दांच्या अर्थाने विचारला गेला असेल. गंडिकोट्यास माधवरायाचे आणि रघुनाथस्वामींचे अशी दोन देवळे आहेत. पण गाभारे रिते आहेत. तेथे ना नंदादीप, ना नैवेद्य. मग तेथे जाऊन करावयाचे काय?

आजींचा अधिकार मान्य करून आम्ही त्यांस एवढेच आठवण देऊ इच्छितो की, रिता गाभारा ही आपल्या समाजास परकी वस्तू नव्हे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात साष्टी प्रांतातील देवळांवर पोर्तुगीज सत्तेची कुऱ्हाड पडली, तेव्हा मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. जुवारीच्या पलीकडे जी जागा मागे राहिली, ती देव नाही म्हणून अपवित्र झाली, असे आपल्या पूर्वजांनी कधी मानले काय? ज्या समाजाने आपले देव उराशी धरून नदी ओलांडली, त्याने तरी रित्या गाभाऱ्यापुढे उभे राहून 'येथे पाहण्यासारखे काही नाही' असे म्हणू नये.

शिवाय देव आणि दगड यांची फारकत आपल्या परंपरेने केली केव्हा? त्र्यंबकेश्वरी गेलेला भाविक ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करतो, ती डोंगराचीच असते. पारनेर तालुक्यातील निघोज येथे कुकडी नदीने खडक कोरून प्रचंड कुंडे घडविली. लोकांनी त्या खळग्यांच्या काठीच मळगंगेस प्रतिष्ठित केले. पाण्याने खडकावर केलेले काम पाहून हात जोडावेसे वाटणे, हा आपला जुना संस्कार आहे. परक्यांसही तो स्पर्श करून गेला. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात कोलोरॅडो नदीने कोरलेल्या जगद्विख्यात महादरीचे वर्णन क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने १८८२ साली प्रसिद्ध केले, तेव्हा तेथील उत्तुंग शिखरांस नावे देताना त्यास विष्णुमंदिर आणि शिवमंदिर हीच नावे सुचली. तेथे ना मूर्ती, ना पुजारी. केवळ खडक आणि आकाश. डटनास जे दिसले, ते आम्हांस दिसू नये काय?

आता त्या महादरीचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट स्पष्टच बोलतो. जाहिरातींतून गंडिकोट्यास 'भारताची ग्रँड कॅनियन' म्हणण्याची चाल पडली आहे, ती आम्हांस मुळीच रुचत नाही. ती दरी ४४६ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. गंडिकोट्याची घळ काही शे फुटांची. तुलनेत तिचा पराभव ठरलेलाच. आणि तुलना मनात घेऊन गेलेला प्रवासी 'एवढीच होय!' म्हणून परतावयाचा. तिला तिचे स्वतःचे नाव पुरेसे आहे. तेलुगूत 'गंडि' म्हणजे घळ आणि 'कोट' म्हणजे किल्ला. कर्नाटकातील नंदी पर्वताच्या परिसरात उगम पावणारी पेन्ना नदी पूर्वसमुद्राकडे जाताना येथे एर्रमलै डोंगर कापून निघाली. हा खडक मुळात वाळूचा. थरावर थर बसून, दाबाखाली कठीण होऊन त्याचा क्वार्टझाइट झाला. भूशास्त्राच्या ग्रंथांत या खडकाच्या थरास गंडिकोट्याचेच नाव आहे. आणि ही नदी काही बारमाही दुथडी वाहणारी गंगा नव्हे. अवर्षणाच्या मुलखातील, पुष्कळदा वाळूतच लपणारी ही नदी; तिने हे काम केले ते बळाने नव्हे, सातत्याने. आमच्या मते ही एकच गोष्ट मुलांस त्या कड्यावर बसवून समजावून देण्याजोगी आहे. तिला ध्वनिवर्धक लागत नाही.

हैदराबादकरांस तर त्या किल्ल्याशी आणखी एक नाते आहे. पेम्मसानी नायकांचा हा दुर्ग १६५० साली गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा सरदार मीर जुमला याने घेतला. आणि १६५२ साली ताव्हर्निये हा फ्रेंच रत्नव्यापारी त्यास तेथे जाऊन भेटला. आपण ज्या नगरीत राहतो, तिच्या इतिहासाचा एक धागा त्या कड्यावर गुंतलेला आहे. तिरुपतीस तर आपण वर्षानुवर्षे जातो. काचीगुड्याहून निघालेली गाडी रात्री कर्नूल, गुत्ती, ताडिपत्री मागे टाकून कडप्याकडे धावते, तेव्हा ती या घळीपासून फार दूर नसते. पण त्या वेळी आपण गाढ झोपलेले असतो. मुसीच्या काठी राहून जो समाज मुसीकडे पाठ फिरवून बसला, १९०८ च्या महापुराखेरीज ज्यास आपल्या नदीविषयी सांगण्यासारखे काही उरले नाही, त्याने पेन्नेजवळून निजून जावे यात नवल कसले? आता एकदा जागेपणी जाण्याचा योग येत आहे, तर तो दोन तासांत का उरकावा?

संयोजकांचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. 'एवढा खर्च करून जावयाचे, तर अधिक ठिकाणे झाली पाहिजेत. लोकांचे पैसे वसूल झाले पाहिजेत.' हा व्यापारी हिशेब आहे, आणि तो व्यापाराच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. आळंदीहून पंढरीस निघणाऱ्या पालखीचे वेळापत्रक कोणी डोळसपणे पाहावे. मुक्काम ठरलेले, दिंड्यांचा क्रम ठरलेला, आणि त्या चोख नियोजनात विसाव्याची जागाही ठरलेली. आपल्या छापील कार्यक्रमात सर्व काही आहे. विसावा तेवढा नाही. मार्गशीर्षात त्या प्रांती सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. चार वाजता पोहोचलेल्या पन्नास माणसांनी चहा घ्यावा, सामान उतरवावे, आणि मग उरलेल्या उजेडात धावतपळत कडा गाठावा, असा हा बेत!

येथे प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाही, जिवाचा होतो. दरीच्या काठावर जाताना मोठमोठ्या शिळांवरून चढावे-उतरावे लागते, शिळांमध्ये फटी आहेत, आणि कड्यास सर्वत्र कठडा नाही. काही वर्षांमागे अशाच एका घाईच्या सहलीत आम्ही होतो. दिवस कलला होता, मंडळी छायाचित्रांसाठी पुढे-पुढे सरकत होती, आणि एका मुलाचा पाय निसटून तो दोन शिळांमधील फटीत अडकला. कड्याकडे न जाता तो आतल्या बाजूस घसरला, एवढीच ईश्वरी कृपा. घोटा मोडला, त्यास अंधारात बाहेर काढून गाडीपर्यंत आणण्यास दोन तास लागले. सोबत ना विजेरी पुरेशी, ना बांधावयास पट्टी. कार्यक्रमपत्रिका मात्र सुबक छापलेली होती! त्या मुलाच्या आईचा चेहरा आम्ही आजही विसरलेलो नाही. आणि आजचे हे कठोर शब्द त्या आठवणीतून आलेले आहेत.

नुसता दोष दाखवून थांबणे हा टीकाकाराचा धर्म नव्हे. म्हणून आमचा पर्यायी बेत आम्ही येथे मांडतो. बेलम आणि ताडिपत्री यांचा मोह या खेपेस सोडावा. ती स्थळे स्वतंत्र सहलीच्या योग्यतेची आहेत. शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी पोहोचावे. दुपारच्या उन्हात तापलेल्या शिळांवर कोणी जाऊ नये. तो वेळ भोजन, विश्रांती आणि किल्ल्याची माहिती यांस द्यावा. चारच्या सुमारास दहा-दहांच्या तुकड्या करून, प्रत्येक तुकडीस एक जाणता प्रमुख नेमून, कड्याकडे जावे. सूर्य मावळण्यापूर्वी अवघड शिळांवरून सर्वांनी मागे यावे, आणि सूर्यास्त सुरक्षित जागेवरून पाहावा. रविवारी पहाटे पुन्हा जावे. सकाळी स्थानिक वाटाड्या घेऊन धडधाकट मंडळींनी घळीच्या वाटेने चालावे. इतरांनी देवळांचे शिल्प सावकाश पाहावे. नौका वल्हविण्याची हौस असेल त्याने ती अधिकृत व्यवस्थेतूनच आणि तरंगते जाकीट घालूनच पुरवावी. पाण्यात पोहण्यास कोणी उतरू नये. या घळीच्या वर गंडिकोट्याचा जलाशय आणि खाली मैलवरमचे धरण आहे. तेथील पाणी आपल्या अंदाजाने चढत-उतरत नाही.

शेकोटी आणि स्वयंपाक किल्ल्यातील वास्तूंजवळ नकोच. तेथील देवळे संरक्षित स्मारके आहेत, आणि अशा स्मारकांत अन्न शिजविण्यास १९५९ च्या नियमांनी परवानगीवाचून मनाई आहे. पण कायद्याचा धाक आम्ही कशास दाखवावा? आपल्या देवळाच्या सभामंडपात कोणी कोळशाची रेघ ओढली, तर आपण त्यास क्षमा करू काय? तोच न्याय माधवरायाच्या मंडपास लावावा. पादत्राणे बाहेर ठेवावीत. गाणी म्हणावयाची तर आपल्या कंठाने म्हणावीत. रात्री त्या मोकळ्या आकाशाखाली दोन अभंग आणि एखादे कोंकणी गीत यांपुढे कोणत्याही यंत्राची मातब्बरी नाही. आणि नेलेला कागद, पत्रावळ, बाटली, सर्व काही परत कोठीस आणावे. २०२४ साली केंद्र सरकारने गंडिकोट्याच्या पर्यटनविकासासाठी सुमारे ७८ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला. उद्या तेथे गर्दी वाढणार हे उघड आहे. गर्दीचे वळण पहिल्या येणाऱ्यांवरून ठरते. ते वळण देवस्थानाच्या मंडळींनी लावावे, की इतरांनी बिघडविल्यावर आपण हळहळत बसावे?

कोणी म्हणेल, असा बेत तरुणांपुरता ठीक. म्हातारी माणसे आणि मुली यांस घरीच ठेवावे. हे आम्हांस सर्वथा अमान्य आहे. शेकडो मैल पायी वारी करणाऱ्या बायकांच्या लेकी-नातींस एका कड्यापर्यंत जाण्याची मनाई कोणत्या शास्त्राने केली? वृद्धांनी शिळांवर चढू नये, हे खरे. पण रघुनाथस्वामींच्या देवळाच्या प्रांगणापर्यंत त्यांना हात धरून नेता येते. किंबहुना त्यांना नेण्याइतका वेळ ज्या कार्यक्रमात नाही, तो कार्यक्रमच चुकीचा आहे, ही आमच्या मते उत्तम कसोटी होय.

कार्यकारिणीची बैठक अद्याप व्हावयाची आहे, आणि छापलेला कागद काही शिलालेख नव्हे. आमची विनंती एवढीच की, कार्यक्रमातील तीन ओळी खोडाव्यात आणि त्या जागी काहीही लिहू नये. ती मोकळी जागा दरीची आहे. आणि ज्या आजींनी आम्हांस तो प्रश्न विचारला, त्यांचे नाव सहलीच्या यादीत सर्वांत आधी घालावे. त्या देवळाच्या पायरीवर त्या सावकाश बसतील, रित्या गाभाऱ्याकडे पाहतील, दूरवर उघडलेल्या घळीकडे पाहतील, आणि कदाचित पदर डोक्यावरून घेऊन हात जोडतील. तसे झाले, तर त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देण्याचे कारण उरणार नाही.