फी जूनची, बिल उसाचे

शिरूर-दौंडकडे बँकेत असताना जूनची चाहूल मला पावसाआधी सोनेतारणाच्या अर्जांवरून लागे. सराफ पाटल्यांचे वजन करू लागला की बाई पदर सावरत दुसरीकडे पाहायची. अर्जावर कारण ‘शेतीखर्च’. खरे कारण शेजारीच उभे असायचे, नवी पत्र्याची पेटी धरून.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले होते. तिथे साऱ्या मुलांसाठी एकीचे सोने गेले. इथे एकेका मुलामागे एकेका घरातले जाते.

हा शेतकरी कंगाल नव्हे. पण ऊस तुटतो हिवाळ्यात. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे बिल १४ दिवसांत मिळायला हवे. मिळाले तरी मार्चअखेर सोसायटीत वळते होते. जूनमध्ये हाती असते ते नवे पीककर्ज. ते निवासी शाळेत जाते आणि खत उधारीवर येते. बँकांचे शैक्षणिक कर्ज मुख्यतः बारावीनंतरचे. सहावीतल्या पोराला त्यात थारा नाही.

शिरूर तालुक्यातच पिंपळे जगतापला जवाहर नवोदय विद्यालय आहे. राहणे, जेवण, पुस्तके मोफत. पण सहावीच्या जागा फार तर ८०.

बाकीच्या निवासी शाळांनी फीचा मोठा हप्ता जानेवारीत घ्यावा. पालकाने संमती दिली, तर सोसायटीप्रमाणे तोही उसाच्या बिलातून परस्पर कापता येईल. शाळेला किराणा जूनपासूनच भरावा लागतो, हे खरे. पण संस्थेला बँक कॅश क्रेडिट देते; त्यासाठी कुणाच्या पाटल्या काट्यावर ठेवत नाही.