कामगाराच्या आरोग्याचा खर्च कोणी सोसायचा?

दरवर्षी २१ जून उजाडला की देशभरातील कारखान्यांच्या आवारात सतरंज्या अंथरल्या जातात, साहेब आणि कामगार एका रांगेत आसने घालतात, आणि मालकवर्गाला कामगारांच्या प्रकृतीची किती काळजी आहे याची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत झळकतात. व्यायामाला विरोध करण्याचे कोणालाही कारण नाही. परंतु कोक भट्टीच्या माथ्यावर आठ तास काढून, वर जादा पाळी करून घरी परतणाऱ्या कामगाराला उणीव असते ती विश्रांतीची, सकस अन्नाची आणि स्वच्छ हवेची. ज्या भट्टीच्या पोटात १००० अंशांहून अधिक उष्णता असते, जिच्या धुरामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे, तिच्याजवळ उभे राहणाऱ्याच्या स्वास्थ्याचा प्रश्न सतरंजीवर सुटत नाही. तो कामाच्या जागीच सोडवावा लागतो, आणि ती जागा मालकाच्या ताब्यात असते.

भिलाईचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेशातील दुर्ग जिल्ह्याच्या माळावर पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली सोव्हिएत युनियनबरोबर झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबरच सेक्टरांची वसाहत, शाळा, क्रीडांगणे आणि उद्याने उभी राहिली. सेक्टर ९ मधील रुग्णालय तर भाजलेल्या रुग्णांवरील उपचारांसाठी दूरवर नावाजले. हे सारे दयाबुद्धीने झाले नव्हते. पोलाद ओतणारा कुशल हात तयार व्हायला वर्षे लागतात. तो आजारी पडला, अपंग झाला वा अकाली गेला, तर ती वर्षे वाया जातात. एवढा साधा हिशेब मुंबईच्या गिरणीमालकांना मात्र उमगला नव्हता. आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळावी एवढ्या मागणीसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली.

परंतु भिलाईचे चित्र एवढ्यावर संपत नाही. झोतभट्ट्यांना लागणारे लोहखनिज जेथून येत असे, त्या सुमारे ९० किलोमीटरवरील दल्ली-राजहरा येथील खाणींत हजारो आदिवासी व छत्तीसगढी स्त्री-पुरुष ठेकेदारांच्या हाताखाली राबत होते. पोलाद त्यांच्याही घामाचे होते. वसाहत, शाळा आणि रुग्णालय मात्र त्यांच्यासाठी नव्हते. जुन्या संघटनांनी, त्यांत लाल बावट्याच्या संघटनाही आल्या, कायम कामगारांच्या करारांकडे जेवढे लक्ष पुरवले तेवढे या कामगारांकडे पुरवले नाही, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी आपली वेगळी संघटना बांधली. त्याच वर्षी २ व ३ जूनला पोलिसांनी केलेल्या गोळीबारात ११ जण बळी पडले. पुढे योग्य उपचारांअभावी संघटनेच्या एक उपाध्यक्षा बाळंतपणात दगावल्या, तेव्हा कामगारांनी स्वतःचेच इस्पितळ बांधण्याचा निर्धार केला. १९८२ साली छोटा दवाखाना निघाला आणि ३ जून १९८३ रोजी वर्गणी आणि श्रमदानातून उभे राहिलेले शहीद रुग्णालय सुरू झाले. जोडीला दारूविरुद्धची मोहीम होतीच, आणि ती कोणा साहेबाच्या उपदेशावाचून चालली. कामगाराला आपल्या शरीराची पर्वा नसते, असे म्हणणाऱ्यांनी दल्ली-राजहराला एकदा जाऊन यावे. मात्र ज्यांच्यासाठी खनिज खणले जात होते त्यांच्या खर्चाचा भार अर्धपोटी खाणकामगारांनी उचलला, याचे कौतुक करताना त्यातला अन्याय विसरता कामा नये. कायम नोकरी आणि माणसासारखे जगता येईल एवढे वेतन या मागण्यांसाठी भिलाईच्या खासगी कारखान्यांतील कामगारांना संघटित करीत असतानाच २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींचा झोपेत गोळी घालून खून करण्यात आला.

कारखान्याच्या आतही सारे आलबेल नाही. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा असते; त्याला रंग नाही, वास नाही. १२ जून २०१४ रोजी पाण्याचा दाब घटून हा वायू पंपघरात शिरला आणि ६ जण प्राणास मुकले. मृतांमध्ये दोन उपमहाव्यवस्थापक होते. वायू हुद्दा विचारीत नाही. १४ जून २०१८ रोजी विस्तारित कारखाना पंतप्रधानांच्या हस्ते मोठ्या थाटाने राष्ट्रार्पण झाला. चारच महिन्यांत, ९ ऑक्टोबरला, कोक भट्टी विभागातील वायुवाहिनीच्या देखभालीचे काम चालू असताना आगीचा भडका उडाला. त्याच दिवशी ९ जण मरण पावले आणि पुढे जखमींपैकी आणखी काही दगावले. काही अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. पण उत्पादनाची घाई, अपुरे मनुष्यबळ आणि ठेकेदारीवर सोपविलेली देखभाल यांना निलंबित करता येत नाही!

कायम कामगार निवृत्त होतो आणि त्याच्या जागी कंत्राटी कामगार येतो, ही रीत आता सार्वजनिक क्षेत्रातही रुळली आहे. कंत्राटी कामगाराला राज्य विम्याचा आधार असतो, पण ठेकेदाराने त्याचे नाव नोंदवले आणि वर्गणी भरली तरच. जुलै २०१९ मध्ये सरकारने या योजनेतील मालकांची वर्गणी वेतनाच्या ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ टक्क्यांवर आणली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशाला तंदुरुस्तीचे आवाहन करण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत वार्षिक मोफत तपासणीची तरतूद आहे आणि ती स्वागतार्हच आहे. पण ठेकेदारांसाठी परवान्याची मर्यादा त्याच संहितेने २० कामगारांवरून ५० वर नेली. लहान ठेकेदाराच्या कामगाराची तपासणी झाली की नाही, हे पाहणार कोण?

म्हणून भिलाईत, आणि जेथे जेथे आपल्या संघटना आहेत तेथे, पुढील वाटाघाटींत कंत्राटी कामगाराच्या आरोग्याची जबाबदारी थेट मुख्य मालकावर टाकण्याची मागणी अग्रक्रमाने आली पाहिजे. भट्टीवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात, तो कोणाच्याही हजेरीपटावर असो, वायूची सूचना देणारे यंत्र असावे. तपासणीचा अहवाल कामगाराच्या हाती यावा, आणि त्यात दोष आढळल्यास त्याची रोजी न तोडता त्याला हलके काम मिळावे. ही शेवटची अट करारात नसेल, तर कोणताही कंत्राटी कामगार आपला खोकला डॉक्टरला सांगणार नाही.