समुद्र आमचा, चित्रकथा जपानची

पुण्याच्या सुशिक्षित घरांतून अलीकडे एक तक्रार वारंवार आमच्या कानीं येते. मुलें मराठी पुस्तक हातीं धरीत नाहींत; धरतात तें जपानी चित्रकथेचें इंग्रजी भाषांतर. त्यांतही एइचिरो ओदा यांच्या 'वन पीस'चें वेड मोठें. खजिन्याच्या शोधार्थ निघालेल्या चांच्यांची ही कथा १९९७ सालीं सुरू झाली, आणि २०२२ पर्यंत तिच्या प्रतींची संख्या पन्नास कोटींवर गेली. पालकांचा निकाल ठरलेला : असलीं चित्रें पाहून बुद्धि बोथट होते, तस्मात् पुस्तकें कपाटांत बंद करावीं. आमचें मत नेमकें याच्या उलट आहे.

ज्यांस ही क्षुद्र करमणूक वाटते त्यांनीं तिचा पूर्वज पाहावा. १९४७ च्या जानेवारींत ओसाका येथें 'शिन ताकाराजिमा', म्हणजे 'नवें रत्नद्वीप', हें पुस्तक निघालें. कल्पना साकाई शिचिमा यांची, चित्रें ओसामु तेझुका यांचीं. तेझुका तेव्हां अठरा वर्षांचे, वैद्यकाचे विद्यार्थी. शहर बाँबवर्षावानें उद्ध्वस्त झालेलें. असलीं स्वस्त पुस्तकें खेळण्यांच्या व खाऊच्या दुकानांत विकलीं जात. आरंभींच एक मुलगा मोटार भरधाव हांकीत बंदर गांठतो, आणि तीं पानें जवळजवळ शब्दांवांचून चित्रपटासारखीं सरकतात. चार लाख प्रती खपल्या असें सांगतात. तेझुका पुढें डॉक्टर झाले, पण दवाखाना त्यांनीं काढला नाहीं. आमच्या एखाद्या सदाशिव पेठी मुलानें वैद्यकाच्या वहीवर चांचे काढले असते तर घरांत काय झालें असतें, हें सांगावयास नकोच!

बरें, त्या पुस्तकाचें कथानक तरी कोठलें? नांव स्टीव्हन्सनकडून उसनें, प्रसंग क्रूसो आणि टारझन यांच्या धर्तीचे. आमच्यापाशीं मात्र घरचें आहे. १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्गावर तोफा डागल्या. आंग्र्यांनीं पूर्वीं इंग्रजांपासून जिंकलेल्या 'रेस्टोरेशन' जहाजावर गोळा पडला, आग एका गलबतावरून दुसऱ्यावर गेली, आणि तुळाजी आंग्र्यांचें आरमार बंदरांतच जळालें. किल्ल्यांत सुमारें दहा लाखांचा ऐवज सांपडला. तो इंग्रजांनीं आपसांत वांटून घेतला. आंग्र्यांना चांचे म्हणणारे ते हेच! आणि या मोहिमेंत जमिनीवरून इंग्रजांचे सोबती कोण? नानासाहेब पेशव्यांचें सैन्य. खजिना, अग्निप्रलय, आपल्याच माणसांचा घात : कथाकारास याहून अधिक काय हवें? परंतु शाळेंत मुलांस याच्या दोन ओळी मिळतात, त्याही गुणांसाठीं पाठ करावयास. पुण्याच्या दरबारचें हें पान चित्रांत आणावें असें पुणेकरांसच वाटत नसेल, अशीही आम्हांस शंका आहे.

इतिहासाचें विडंबन होईल, असें कोणी म्हणतात. दोन ओळींत गुंडाळणें हें विडंबन नव्हे काय? चित्रकार नाहींत म्हणावें, तर चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ सालीं 'सकाळ'मध्यें आला, आणि हींच घरें सकाळच्या चहाबरोबर अग्रलेखाआधीं तो वाचीत. तेव्हां चित्रांचा विटाळ नव्हता. अडचण पैशाची आहे. दोनशें पानांची सागरकथा काढावयास वर्ष-दोन वर्षें जातात. तोंवर चित्रकारानें खावें काय? इंग्रजी खंडाचे पांचशें रुपये मुकाट्यानें मोजणारे गृहस्थ मराठी चित्रपुस्तकाच्या दोनशें रुपयांवर सवलत मागतात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

आम्हीही निर्दोष नाहीं. वर्गांत एका विद्यार्थ्याच्या हातांतून 'वन पीस'चा एक खंड आम्हीं हिसकावून घेतला होता. रात्रीं तो वाचावयास घेतला, आणि झोपावयास दोन वाजले. सकाळीं पुस्तक परत करतांना विजयदुर्गाची हकीकत त्याला सांगितली. त्यानें एवढेंच विचारलें, "सर, हें कुठल्या पुस्तकांत मिळेल?" आम्हांस नांव सांगतां आलें नाहीं.