उसाचे बिल आणि तीस वर्षांचे अपील

सप्तशृंगगडावरची चैत्रोत्सवाची गर्दी, कारखान्यांचे पट्टे पडण्याचा सुमार आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेला नवा प्राप्तिकर कायदा, असे तिन्ही यंदा वणीकरांपुढे एकदमच आले. पहिल्या दोन्हींची चर्चा पारावर होते, तिसऱ्याची सीएच्या ऑफिसात. पण ‘कादवा’ साखर कारखान्याच्या काट्यावर ऊस घालणाऱ्या दिंडोरी तालुक्यातल्या सभासदानेही तिसऱ्याकडे कान द्यावा. प्राप्तिकर खाते राज्यातल्या सहकारी साखर कारखान्यांशी वर्षानुवर्षे भांडले, ते उसाच्या बिलावरूनच.

१९६१च्या कायद्यातले कलम ३७ सांगत होते की, जो खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झाला, तो उत्पन्नातून वजा होईल. साखर कारखान्याने ऊस घेतला तर तो खर्चच, यात वाद कसला? वाद भावात होता. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार केंद्र सरकार किमान भाव ठरवते. महाराष्ट्रातले सहकारी कारखाने त्याहून जास्त देत आणि हंगाम संपल्यावर, हिशेब पाहून, सरकारच्या मान्यतेने अंतिम भाव ठरे. खाते म्हणे, किमान भावापर्यंतचा पैसा खर्च. त्यावरचा पैसा म्हणजे सभासदांना वाटलेला नफा. विकणारा आणि मालक एकच असल्यामुळे ही शंका. खासगी कारखान्याचे भागधारक ऊस घालत नाहीत, त्यामुळे त्याला ती सहसा चिकटत नसे. बिगरसभासदालाही आम्ही तोच भाव देतो, हे कारखान्यांचे उत्तर होते आणि ते बिनतोड नसले तरी वजनदार होते.

समजा, किमान भाव टनाला ८०० रुपये आणि कारखान्याने दिले ११००. चार लाख टन गाळपावर फरक १२ कोटींचा. तीस टक्क्यांनी कर ३ कोटी ६० लाख, वर व्याज. नोटीस येईपर्यंत ते १२ कोटी शेतकऱ्याच्या पाइपलाइनमध्ये, मुलीच्या लग्नात, सोसायटीच्या कर्जात जिरलेले. वसूल करायचे कोणाकडून?

मग अपिलांची उतरंड. आयुक्तांकडे, पुण्याच्या न्यायाधिकरणात, मुंबई उच्च न्यायालयात, शेवटी दिल्लीत. आणि दर वर्षाची फाइल वेगळी. शहाद्याच्या सातपुडा तापी परिसर कारखान्याचे प्रकरण २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा खाली, अपील आयुक्तांकडे पाठवले. २०१२ मध्ये कृष्णा कारखान्याच्या सवलतीच्या साखरेचे तेच झाले. दिवाळीला सभासदाच्या घरी येणारे ते साखरेचे पोते! बाजारभाव आणि सवलतीचा दर यांतला फरक नफावाटप आहे की सहकारातली रूढी, ही साखर देण्याला सरकारी ठरावाचा आधार आहे का, दिवाळीशिवाय महिन्याच्या साखरेचे प्रमाण कशावर ठरते, हे सारे तपासायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ५ मार्च २०१९ रोजी तासगाव कारखान्याच्या खटल्यात निकाल आला: जादा भावात नफ्याचा जो अंश असेल तेवढाच नफावाटप, बाकीचा खर्च. तो अंश मोजण्याचे काम पुन्हा करनिर्धारण अधिकाऱ्याकडे.

तत्त्व म्हणून हा निकाल आम्हाला पटतो. अंतिम भाव ताळेबंद पाहूनच ठरत असेल तर त्यात नफा मिसळणारच आणि संचालकांची निवडणूक तोंडावर आली की भाव का चढतो, हे सभासदाला समजावून सांगावे लागत नाही. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या भावातून नफ्याचा अंश वेगळा काढणार कोण आणि कोणत्या कागदांवरून?

सुटका झाली ती अर्थसंकल्पातून. २०१५च्या दुरुस्तीने सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या भावापर्यंतचा पैसा खर्च ठरला. ती लागू झाली २०१६-१७ या करनिर्धारण वर्षापासून. त्या भावात राज्य सरकारचा भावही येतो, हे परिपत्रक काढून सांगायला ऑक्टोबर २०२१ उजाडले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी निर्मला सीतारामन यांनी मागच्या वर्षांनाही सवलत दिली आणि दिलासा सुमारे १० हजार कोटींचा असल्याचे सांगितले. आनंद आहेच. पण तीन दशके अपिलांत न सुटलेला प्रश्न एका भाषणात सुटतो, याचा अर्थ तो पहिल्या काही वर्षांतच सोडवता आला असता. साखरेला राजकारणात आवाज आहे म्हणून उशिरा का होईना, तो ऐकला गेला. द्राक्षाच्या शीतगृहवाल्याचा एखादा खर्च अमान्य झाला तर त्याच्यासाठी कोणी अर्थसंकल्प लिहिणार नाही.

नव्या कायद्याने कलमे ८१९ वरून ५३६ वर आणली, करनिर्धारण वर्षाच्या जागी ‘कर वर्ष’ आणले. ‘पूर्णपणे आणि केवळ’ ही अट मात्र कायम आहे, म्हणजे वकिलांच्या पोटापाण्याची चिंता नको.

तातडीची बाब वेगळीच आहे. २०२३ची सवलत आपोआप मिळत नाही. २०१४-१५ या आर्थिक वर्षापर्यंतच्या ज्या वर्षांत खर्च नाकारला गेला, त्यांच्यासाठी कारखान्याने अर्ज करायचा, त्या वर्षीचा सरकारमान्य भाव आणि प्रत्यक्ष दिलेला भाव दाखवायचा, मग अधिकारी उत्पन्न नव्याने मोजणार. त्यासाठीची चार वर्षांची मुदत ३१ मार्च २०२७ रोजी संपते. भाड्याने गेलेल्या किंवा बंद पडलेल्या कारखान्यांत ही जुनी दप्तरे कोण शोधणार आहे? जिथे असा वाद होता, त्या प्रत्येक कारखान्याच्या सप्टेंबरपर्यंतच्या सर्वसाधारण सभेत सभासदाने अंतिम हप्त्याच्या आधी एवढे विचारावे: कोणत्या वर्षांचे अर्ज गेले, कोणत्या वर्षांचे आदेश हातात आले आणि परतावा मिळाला असेल तर तो कोणत्या खात्यावर पडला?