बिरसीची धावपट्टी आणि तुमच्या फोनमधली चिप

परवा गोंदियातल्या एका मोबाइलच्या दुकानात अमेरिका-चीनच्या भांडणावर गप्पा रंगल्या होत्या. एक जण म्हणाला, "ते तिकडं भांडतात, आपल्याले काय फरक पडते भाऊ?" मी त्याला विचारलं, "बिरसीचं विमानतळ कोणी बांधलं, माहीत आहे?"

त्याला माहीत नव्हतं. आज तिथं वैमानिक घडतात, प्रवासी विमानसेवाही सुरू झाली. पण मूळ धावपट्टी ब्रिटिशांनी १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. गोंदियाचं जर्मनीशी काय भांडण होतं? काहीच नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारताच भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं होतं. मोठ्यांचं भांडण असं धानाच्या बांधापर्यंत येतं.

आता मुद्द्याचं बोलूया. मोठं युद्ध पेटतं कसं?

जपानचं उदाहरण घ्या. १९३७ पासून त्याचं चीनवर आक्रमण चालू होतं आणि त्यासाठी लागणारं बहुतेक तेल यायचं अमेरिकेतून. जुलै १९४१ मध्ये जपानी सैन्य आजच्या व्हिएतनामच्या दक्षिण भागात शिरलं. अमेरिकेने जपानचे पैसे गोठवले, तेल थांबलं. अमेरिकेला वाटलं, आता जपान नमेल. टोकियोतल्या सेनापतींचा हिशोब उलटा होता: साठा रोज आटतोय, आज लढलो नाही तर उद्या लढताच येणार नाही. ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. पुढच्या चार महिन्यांत, ६ एप्रिल १९४२ रोजी, जपानी बॉम्ब आपल्या विशाखापट्टणमवर पडले.

म्हणजे नुसत्या रागातून एवढं मोठं युद्ध होत नाही. "वेळ आपल्या विरोधात चाललाय" ही भीती जास्त घातक असते.

आता हातातला फोन बघा. त्यातली चिप म्हणजे आजचं तेल. जगातल्या सर्वात प्रगत चिप्सपैकी बहुतेक तैवानमध्ये बनतात आणि तैवान आपलाच भाग आहे, असं चीन म्हणतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने प्रगत चिप्स आणि त्या बनवणारी यंत्रं चीनला देण्यावर कडक निर्बंध घातले. २०२३ मध्ये चीनने चिप्ससाठी लागणाऱ्या गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर लगाम घातला. दोघंही म्हणतात, "आम्ही फक्त स्वतःला सांभाळतोय." समोरच्याला मात्र तीच गोष्ट गळा आवळल्यासारखी वाटते.

मग युद्ध अटळ आहे का? मला तसं वाटत नाही. १९४१ आणि आज यांत मोठा फरक आहे. दोघांकडे अणुबॉम्ब आहेत आणि दोघांचा व्यापार एकमेकांत गुंतलेला आहे. शिवाय ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबावरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या तोंडाशी जाऊनही मागे फिरले. पुढच्या वर्षी त्यांनी थेट संपर्काची हॉटलाइन सुरू केली. सिनेमात दिसतो तसा तो लाल फोन नव्हता. टाइप केलेले संदेश पाठवणारं टेलिप्रिंटर यंत्र होतं. बोलण्यात शब्द चुकू नये, विचार करून उत्तर देता यावं, हा त्यामागचा हेतू.

म्हणून पुढच्या वेळी "तिसरं महायुद्ध सुरू!" असा थंबनेल दिसला, की फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी तपासा. कोणी कोणाचं काय अडवलंय? समोरच्याला मान राखून मागे फिरायला वाट ठेवलीय का? आणि दोघांचं बोलणं चालू आहे की बंद पडलंय? पहिल्याचं उत्तर मोठं आणि बाकी दोन्हींचं "नाही" असेल, तर खरंच काळजी करा.

दुकानातला तो मित्र शेवटी म्हणाला, "म्हणजे बिरसीले कोणी विचारलंच नव्हतं." नव्हतंच विचारलं. आज निदान आपल्याला मत आहे आणि प्रश्न विचारायला फोन आहे.

तुमच्या गावाजवळ अशी युद्धकाळातली जुनी धावपट्टी आहे का? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि आम्हालाही कळवा.