व्यायामाचा नेम

व्यायाम करावा, हे आता कोणी कोणास शिकवावयास नको. शरीर सुदृढ असले म्हणजे मन प्रसन्न राहते आणि अभ्यासात लक्ष लागते, हे तुम्ही पहिलीपासून ऐकत आला आहात. तरीही ‘रोज व्यायाम कोण कोण करतो?’ असे वर्गात विचारले, तर वर होणारे हात मोजकेच असतात. असे का व्हावे? केवळ आळस हे त्याचे कारण आहे, असे मला वाटत नाही. व्यायामात जे मोजावयास हवे ते आपण मोजत नाही आणि जे मोजू नये ते मात्र हौसेने मोजत बसतो, हे खरे कारण आहे. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती माझ्याच एका चुकीमुळे.

मी मुख्याध्यापक असताना एका रथसप्तमीला सूर्यनमस्कारांची स्पर्धा ठेवली होती. जो सर्वांत अधिक नमस्कार घालील, त्याला बक्षीस मिळावयाचे होते. सातवीच्या वर्गात अंगाने किरकोळ, पण मोठा जिद्दी असा एक मुलगा होता. एरवी तो व्यायामाच्या वाटेला कधी जात नसे. त्या दिवशी मात्र त्याने एकामागून एक दीडशे नमस्कार घातले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही कौतुकाने त्याची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही, तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. तो अंथरुणावर पडून होता. मांड्या दगडासारख्या ताठरल्या होत्या आणि हात खांद्याच्या वर जात नव्हते. त्याची आई म्हणाली, “गुरुजी, बक्षीस मिळालं खरं, पण पोराला उंबरा ओलांडवत नाही बघा.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. डॉक्टरांच्या उपचाराने मुलगा आठवड्याभरात बरा झाला. तथापि, त्यानंतर व्यायामाच्या तासाला तो मागच्या रांगेत अंग चोरून उभा राहू लागला. व्यायाम म्हणजे यातना, असे त्याच्या मनाने घेतले होते. त्याचे शरीर सावरले, पण त्याची गोडी मी घालवून बसलो होतो.

असे का होते, ते समजून घ्या. स्नायूंवर नवे श्रम पडले की त्यांतील तंतूंना अगदी सूक्ष्म इजा होते. पुढे झोप, विश्रांती आणि सकस अन्न यांच्या साहाय्याने शरीर ती इजा भरून काढते आणि स्नायूंना पूर्वीहून थोडे अधिक बळकट करते. म्हणजे शक्ती वाढते ती श्रमानंतरच्या विश्रांतीत. ज्याने एकाच दिवशी अतिश्रम केले, त्याच्या वाट्याला केवळ इजा येते. शिवाय तुमच्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीच्या कोवळ्या जागा असतात. एकाच सांध्यावर वारंवार फाजील ताण पडला, तर त्या दुखावतात. वर्षभराचे पाणी एकाच दिवशी शेतात सोडले, तर पीक वाढत नाही, कुजते. शरीराचेही तसेच आहे.

सूर्यनमस्कारांचाच विषय निघाला आहे, तर औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे स्मरण होते. त्यांचा काळ १८६८ ते १९५१ हा होय. सूर्यनमस्कारांचा प्रसार त्यांनी आयुष्यभर केला आणि आपल्या संस्थानातील शाळांतही ते सुरू केले. परंतु इतरांना सांगण्यापूर्वी त्यांनी स्वतः नेम धरला होता. राज्यकारभाराची दगदग असूनही त्यांनी नमस्कारांचा नेम सांभाळला. त्यांच्या चरित्रातून मी घेतला तो धडा हाच की, व्यायामाचे मोल आकड्यात नसून नेमात आहे.

पुढल्या वर्षी मी ती स्पर्धा बंद केली आणि प्रत्येक वर्गात एक तक्ता लावला. तक्त्यावर मुलामुलींची नावे आणि महिन्याचे दिवस. नमस्कार पाच घातले की पन्नास, हे कोणी विचारावयाचे नाही. त्या दिवशी व्यायाम केला असेल, तर आपल्या नावापुढे एक ठिपका द्यावयाचा. ताप असेल, तर विश्रांती हाच त्या दिवसाचा नेम. एखादा दिवस चुकला, तर रागावणे नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावयाची. तो मुलगा आता आठवीत गेला होता. प्रथम तो रोज पाचच नमस्कार घाली. वर्षअखेरीस तो पंचवीस नमस्कार सहज घालू लागला. सर्वांत अधिक ठिपके त्याचे नव्हते. पण त्याची ओळ फारशी कोठे तुटलेली नव्हती. मला एवढे पुरेसे होते.

‘स्पर्धा नसेल, तर उत्साह कोठून येणार?’ असे कोणी विचारील. स्पर्धेला माझा विरोध नाही. परंतु स्पर्धा हे सरावाचे फळ आहे, बीज नव्हे. कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. त्यानंतर चार वर्षे त्यांनी कसून सराव केला आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पदक एका दिवशी गळ्यात पडले. त्यामागचे दिवस मात्र कोणी मोजले नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली असे सांगितले की, ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे अंगमेहनत करावी. हा आकडा ऐकून घाबरू नका. शाळेत भरभर चालत जाणे, लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, हे सारे त्यात येते. ज्याला सवय नाही त्याने प्रथम रोज दहा मिनिटे द्यावीत. वेळ शक्यतो ठरलेली असावी. पोट जड असताना किंवा भर उन्हात व्यायाम करू नये. आरंभी थोडे चालून अंग मोकळे करावे. सुरुवातीच्या दिवसांत, व्यायाम करताना सोबत्याशी बोलता येईल इतपतच श्रम घ्यावेत. आठवडाभर ते सोसले, तर मग किंचित वाढवावे. तहान लागली की पाणी प्यावे. किंचित अंग दुखले तर भिण्याचे कारण नाही. परंतु सांध्यात कळ आली, छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर तत्काळ थांबावे आणि वडीलमाणसांना सांगावे. दमा किंवा दुसरा जुना आजार असेल, त्याने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मुलांनो, आज रात्री वहीच्या शेवटच्या पानावर या महिन्याचे दिवस मांडून ठेवा. उद्या सकाळी पाचच नमस्कार घाला आणि पहिला ठिपका द्या. सहावा घालण्याचा मोह झाला, तरी तो आवरा. तो परवासाठी राहू द्या.