जन्मस्थानाचा रकाना

स्कॉटलंडच्या ग्रामीण जीवनाचा विषय निघाला की आपल्या वर्गांतून 'मातीशी नाळ' हा शब्दप्रयोग हटकून येतो. शेतमजूर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकाच शिवारात रुजलेला भाविक माणूस, हे चित्र १८९० च्या दशकात बॅरी, क्रॉकेट आणि इयन मॅक्लॅरन यांच्या 'केलयार्ड' कथांनी लोकप्रिय केले. १९०१ मध्ये जॉर्ज डग्लस ब्राउनने आपल्या कादंबरीतून त्यावर घणाघात केला, तरी ते टिकून आहे. त्याच्या गोडव्याबद्दल आमची तक्रार नाही. ज्यांचे ते चित्र, त्यांची नोंद उपलब्ध असताना ती वाचली जात नाही, ही तक्रार आहे.

१८४१ च्या खानेसुमारीत माणूस त्याच काउंटीत जन्मला की नाही, हे विचारले होते, जन्माचा पॅरिश नव्हे. (पंधरा वर्षांवरील वये तर पाचच्या पटीत खाली आणून लिहायची होती!) १८५१ पासून मात्र प्रत्येकाच्या जन्माचा पॅरिश लिहिला जाऊ लागला. बेरिकशर किंवा ईस्ट लोदियनमधल्या एखाद्या नांगऱ्याचे कुटुंब त्या पानांवर पाहावे. थोरली मुलगी एका पॅरिशमध्ये जन्मलेली, तिच्या पाठचा मुलगा दुसऱ्या, धाकटी तिसऱ्या, असे वारंवार आढळते. तो रकाना वरून खाली वाचत गेले की कुटुंबाच्या स्थलांतराचा नकाशाच हाती येतो. घर मालकाचे, नोकरीबरोबर मिळालेले. विवाहित गड्याचा करार वर्षाचा. नवा करार झाला नाही की मे महिन्यात भांडीकुंडी गाडीत भरायची आणि दुसरे शेत गाठायचे. १८५१ नंतरची खानेसुमारी मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभी होई, म्हणजे ऐन बिऱ्हाड हलण्याच्या तोंडावर. प्रगणक ज्याला त्या कुटुंबाचे घर म्हणून नोंदवतो आहे, ते कित्येकांना दीड-दोन महिन्यांत सोडायचे असे. नाळ नेमकी कोणत्या मातीशी?

यावर ठरलेले उत्तर असते: कागद मुका, माणूस बोलतो तो साहित्यात. आम्हांस हे मान्य नाही. कागद मुका नाही, लबाड आहे. आणि लबाड संहिता वाचणे हाच तर आपला व्यवसाय. आग्नेय स्कॉटलंडात विवाहित गड्याला शेतकामासाठी आपल्या घरातून एक बाईमाणूस पुरवावे लागे. तिला 'बाँडेजर' म्हणत. ती मुलगी असेल, नाहीतर पदरमोड करून ठेवलेली परकी पोर. खानेसुमारीच्या पानावर ही सक्ती सहसा दिसत नाही. दिसते ती बहुधा फक्त एक 'चाकर'. बायकोपुढे तर बहुधा 'नांगऱ्याची बायको' एवढेच, किंवा रकाना कोरा, मग सुगीत ती शेतावर कितीही राबलेली असो. शिवाय घरोघरी भरलेले मूळ तक्ते नष्ट झाले आहेत. आपण वाचतो ती प्रगणकाच्या वहीतली नक्कल. निवेदक कोण, हा प्रश्न कादंबरीच्या तासाला विचारणाऱ्यांनी तो येथे का विचारू नये?

'सनसेट साँग' (१९३२) आपण शिकवतो. तीतले गथ्री कुटुंब ॲबर्डीनशर सोडून मर्न्सच्या प्रदेशात येते. ते खंडकरी, मजुरांहून एक पायरी वर. तरी बिऱ्हाड त्यांनाही हलवावेच लागले. हे प्रकरण ओलांडून आपण थेट भूमिप्रेमावर येतो. त्याऐवजी कादंबरीशेजारी १८६१ चे एखादे पान ठेवावे. त्या वर्षी स्कॉटलंडात खिडकी असलेल्या खोल्या किती, हेही घरोघरी विचारले गेले होते. घरातली माणसे मोजावीत, मग त्या रकान्यातला आकडा पाहावा.